युसूफ वडगावचे रगतपारखी बाबा

गावात एसटीडी बूथ आला, केबल आली आणि त्याच वर्षी हे बाबाही आले. भर बाजारच्या दिवशी सगळं युसूफ वडगाव बाजार सोडून आमच्या किराणा दुकानासमोरच्या पारावर लोटलं. बाबांपुढे पितळेचं ताट, ताटात म्हणे गंगेचं तीर्थ. माणसाच्या बोटाला सुई टोचायची, थेंब ताटात पाडायचा. पांढरा फेस फसफसला की भानामती. सकाळपासून ज्याचा त्याचा फेसच येत होता, तरी एकालाही शंका येईना. मी गल्ल्यावर बसून नुसती चरफडत होते.

शेजारच्या सुंदरबाईला तिचा नवरा बिभीषण धरून धरून घेऊन आला. बाईचे पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून बिचारी रात्ररात्र भिंतीला टेकून बसायची. तिचा थेंब पडला आणि ताट फसफसलं.

"फुप्फुसात बसलीय भानामती," बाबा गरजले. "रगत खोटं बोलत न्हाई. भारलेल्या मिठाचं पानी पाजा अन् कोंबड्याचा उतारा करा. दवाखान्याची सुई लावली तर ती उलटंल. मग आमी जिम्मेदार न्हाई."

मीठ आमच्याच दुकानातलं. सकाळी मीच बांधून दिलं होतं, तेव्हा तर त्यात काही तेज दिसलं नव्हतं.

माझी भाची शिवानी नुकतीच डॉक्टर होऊन सुट्टीला आली होती. ती पारावर गेली, सुंदरबाईच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाली, "बिभीषणकाका, काकूंचं हृदय थकलंय. रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून फुप्फुसात पाणी साठतंय. मिठानं ते आणखी वाढेल. आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्या."

"बाबा काय म्हन्ले ऐकलं न्हाई का, पोरी? सुई लावली अन् ही गेली तर मी कुनाकडं बघू?" बिभीषणनं बायकोचा हात आणखी घट्ट धरला. त्याचा राग आला होता, पण दयाही आली.

"मग माझं रक्त टाका ताटात. मी तर धडधाकट आहे."

"बिनबाधेचं रगत पडलं की तीर्थ मरतं," बाबा म्हणाले. वा रे तीर्थ, एका थेंबानं मरणारं!

कोंबडा आला. पाय बांधलेल्या कोंबड्याचा उतारा लागत न्हाई, असा बाबांचाच दंडक. त्यांनी तो सुंदरबाईवरून ओवाळायला घेतला, तोच पठ्ठ्यानं बाबांचं मनगट ओरबाडलं आणि उडून थेट आमच्या पत्र्यावर बसला. मनगटावर रक्त आलं.

"थांबा, जखम धुते," म्हणत शिवानीनं बाबांचा हात धरला आणि ताटात नुकतंच नव्यानं भरलेलं तीर्थ त्यावर ओतलं. बाबा हात ओढेपर्यंत जखम फसफसली होती आणि फेस कोपराकडे ओघळत होता.

गर्दीत मागे उभी असलेली म्हातारी सारजाबाई म्हणाली, "अगं बाई, बाबालाच भानामती?"

लोक पोट धरून हसले. कुणीतरी बाबांची झोळी उलटी केली, तर त्यातून औषधाच्या तपकिरी बाटल्या निघाल्या.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड," शिवानी सांगू लागली. "जखम धुवायचं औषध. रक्त कुणाचंही असो, त्याला लागलं की यातला प्राणवायू सुटतो आणि फेस येतो. रक्त बोलतं, हे खरं. फुप्फुसाला इजा झाली की तिथले काही पदार्थ रक्तात उतरतात, शास्त्रज्ञ ते मोजून बघतायत. पण त्याला प्रयोगशाळा लागते, पितळेचं ताट नाही."

बिभीषणनं हातातली मिठाची पुडी तिथंच टाकली. "वैनी, तुमचा टेम्पो मिळंल का?" आमच्या ह्यांनी लगेच टेम्पो काढला. तेवढ्या गडबडीत बाबा पसार झाले, कोंबडा मात्र पत्र्यावरच होता.

काही दिवसांनी मी दवाखान्यात गेले, तर सुंदरबाई पलंगावर चक्क आडवी, गाढ झोपलेली. बिभीषणनं मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"लई दिसांनी पाठ टेकली, वैनी. उठवू नका." त्याचे डोळे भरून आले होते. मीही पदरानं डोळे टिपले.

म्हणून सांगते, दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर आधी डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवायला आलाच, तर तो एकदा त्याला स्वतःवर करून दाखवायला सांगा. एवढं मागायला लाजू नका.