ओट्याची बाजू

ही गेल्यानंतर मुलगी पहिल्यांदाच राहायला आली, ती आईचा आवाज घेऊन.

मुलगी रेकॉर्डिंगचं काम करते. शिकत होती तेव्हा तिने एकदा मला स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीवर बसवलं होतं. माझ्या दोन्ही कानांत वाटाण्याएवढे माइक अडकवले आणि बजावलं, "बाबा, मी सांगेपर्यंत मान हलवायची नाही." समोर खिडकी, डाव्या हाताला ओटा, पाठीमागे दार. ही ओट्याशी भाजी चिरत बोलत होती. तेच रेकॉर्डिंग.

"खरखर काढून टाकलीय," म्हणत मुलीने माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

आवाज स्वच्छ होता. हिचाच होता. पण मला बरं वाटेना.

"ही बोलतेय कुठून?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"ओट्याकडून येत नाहीये. टाळक्याच्या आत बसून बोलतेय."

"आयुष्यभर डोक्यावर बसली, आता आत शिरली," मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

मग तिने समजावलं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि मोठा पोचतो. उजव्या कानाला मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून तिथे तो किंचित उशिरा आणि दबका. एवढ्याशा फरकावरून आपल्याला दिशा कळते. खरखर काढताना तिने दोन्ही कानांचे आवाज एकत्र केले होते. फरकच पुसला गेला होता.

"मूळचं आहे ना?"

"जुन्या लॅपटॉपवर असेल. मी पुसलं नसेल तर."

ती शोधत बसली. मी धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

"सापडलं, बाबा. पण खरखर आहे हं."

"असू दे."

मी खुर्चीवर बसलो. डावीकडे नळ सुरू झाला, बंद झाला. सुरीने भाजी चिरल्याचा आवाज. हिच्या सपाता. ओट्याशीच होती ती.

"अहो, पुतळा झालात की काय? लग्नापासून आज पहिल्यांदा तुमचं तोंड मिटलेलं बघतेय. इकडे बघा तरी!"

त्या दिवशी माइक होते म्हणून मी बघितलं नव्हतं. आज वळलो.

तशी ती ओट्यापासून हलली. खुर्चीच्या पाठीमागे, दाराच्या बाजूला गेली आणि तिथूनच हसत राहिली.

मी हेडफोन काढून दाराकडे बघत राहिलो.

"तुम्ही मान वळवली की आवाजही वळतो, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "डोकं फिरलंय हे हेडफोनला कळत नाही."

"तुझ्या आईला लगेच कळायचं."

मी पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसलो आणि हेडफोन नीट बसवले.

"पहिल्यापासून लाव," मी म्हणालो, आणि मान ताठ धरली.

डावीकडे नळ सुरू झाला.