मला चिखलाची भीती घालू नका

मित्रांनो, मला जुनी म्हणा, गंजकी म्हणा, मला काही फरक पडत नाही. मी गोल्फची काठी आहे. त्यातही सँड वेज, म्हणजे वाळूत नाहीतर चिखलात रुतलेला चेंडू बाहेर काढणारी, जाड बुडाची काठी. बाकीच्या काठ्या हिरवळीवर मिरवतात. माझं सगळं काम घाणीतलं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही!

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी आले ती थेट ठाण्याला, कोलशेतच्या खाडीलगतच्या एका टॉवरवाल्या सोसायटीत. तिला स्वतःचं छोटंसं गोल्फचं मैदान आहे. माझे पहिले मालक रवींद्र सर, सोसायटीचे चेअरमन. दोन वर्षं त्यांनी मला मऊ कपड्याने पुसलं, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं. मग एका पावसाळ्यात मैदानाच्या सखल कोपऱ्यात त्यांचा चेंडू रुतला. सरांनी दातओठ खाऊन असा फटका मारला, की चेंडू जागच्या जागी आणि चिखल सगळा त्यांच्या पांढऱ्या टी-शर्टवर. चूक कुणाची? तर म्हणे काठीची! त्यांनी मला वॉचमनच्या केबिनमागे भिरकावलं. तिथे मी वर्षभर गंजत पडले. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला उचललं सगुणाबाईंनी. ही सगळी जमीन मुळात त्यांच्या घरचं मिठागर. त्यांचे यजमान महिपत यांनी ती बिल्डरला दिली आणि बदल्यात फ्लॅट आणि क्लबची मेंबरशिप मिळाली. साठी ओलांडलेल्या सगुणाबाई रोज सकाळी पदर खोचून मैदानात यायच्या आणि इतरांचं बघून बघून खेळायला शिकल्या. त्यांनी मला चिंच लावून घासलं आणि मी परत कामाला लागले.

यंदाच्या जुलैत नोटीस लागली. सखल कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं ठरत होतं. सभेत रवींद्र सर म्हणाले, "तिथून बॉल बाहेर निघतच नाही. उगाच जागा फुकट चाललीय."

सगुणाबाई ताडकन उठल्या. "कोन बोलला निघत नाय? रविवारी मी काढून दाखवते. तीन फटक्यान निघाला, तर कोपऱ्याला हात लावायचा नाय."

"आणि नाही निघाला तर?"

"तर टाका तुमचे बलॉक. मी तोंड नाय उघडनार."

महिपतनी कपाळाला हात लावला. "अगो, कशाला इज्जत घालवतेस आमची?"

"तुमी सगली जमीन दिलीत, मी मुकाट आंगठा दिला. आता येवडाच चिखल ऱ्हायलाय. तो मी नाय देनार," त्या म्हणाल्या.

रविवारी सगळ्या बाल्कन्या भरल्या. पहिल्या फटक्याला बुटांसकट सगुणाबाई रुतल्या, मी आधी चिखलावर आपटले आणि चेंडू जेमतेम वीतभर सरकला. दुसऱ्याला त्या घसरून चक्क खाली बसल्या. वरून खिदळण्याचे आवाज आले. माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

सगुणाबाई उठल्या आणि त्यांनी बूट काढून फेकले. मीठ पिकवायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. ते काम त्यांनी ऐन उमेदीत वीस वर्षं केलेलं. त्यांनी बोटं फाकवून पाय रोवले. पाय चार बोटं खाली गेले, तसे त्यांनी माझ्या दांड्यावरचे हातही चार बोटं खाली सरकवले. चिखलाला मारलं की नुसता चिखल उडतो, मित्रांनो. आधी चेंडूला गाठायचं, अंग न हलवता, जोर न करता. टक्! चेंडू उडाला आणि हिरवळीवर जाऊन पडला.

"बूट कंपल्सरी आहेत," रवींद्र सर म्हणाले. "हा शॉट धरता येणार नाही."

सगुणाबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात गर्दीतून महिपत पुढे आले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते सरळ चिखलात उतरले. हिरवळीवरचा चेंडू मागवून त्यांनी तो स्वतःच्या हाताने चिखलात दाबला.

"मार गो," ते म्हणाले. "दिवसभर मार. मी चेंडू लावतो."

मग काय! एक निघाला, दुसरा निघाला, तिसरा, चौथा. पाचव्याला बाल्कन्यांतून टाळ्या पडू लागल्या. सहाव्याच्या आधीच रवींद्र सरांनी हात जोडले. "बस, काकू. कोपरा राहू दे."

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं नीट ऐका. खेळून झालं की मला धुवा, कोरडं पुसा, तेवढा माझा हक्क आहे. पण चिखल लागला म्हणून मला फेकून देणार असाल, तर ते मी खपवून घेणार नाही. आणि फटका चुकलाच, तर आधी आपले पाय कुठे आहेत ते बघा. मग खुशाल काठीला बोला.