मालक गाडीत हायेत

कर्जवाल्या कंपनीची माणसं जीप ओढून न्यायला बेडशात आली, तेव्हा झुंबरबाईंचा पारा चढलेला होता, आणि पुढचा सगळा घोळ त्या पाऱ्यापायी झाला. एरवी बाई अशा नाहीत. दारी आलेल्याला आधी पाणी, मग विचारपूस. पण त्या सकाळी साक्षात देव दारात उभा राहिला असता, तरी त्याला म्हणाल्या असत्या, जा बाबा पुढच्या घरी.

क्रेनवाल्यानं अदबीनं विचारलं, "मावशी, गाडीचे मालक कुठंयत?"

झुंबरबाईंनी भाकरी थापता थापता मानसुद्धा वर केली नाही. "मालक व्हय? बसलेत की गाडीत, फुगून!"

आता मावळातली बाई 'मालक' म्हणते ते कुणाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुंकवाचा धनी तो मालक. त्याच्या नावावर साधी सायकल का नसेना! पण क्रेनवाला पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला. त्याला वाटलं, गाडीचा मालक आपण होऊन कागदांवर सह्या करायला निघालाय. एवढं शहाणं गिऱ्हाईक त्याला नोकरीत कधी भेटलं नव्हतं. त्यानं पुढच्या सीटवरच्या कोंडाजीआबांना नमस्कार घातला. आबांनी तोंड फिरवलं. तो त्यानं होकार धरला, जीपचं नाक साखळीनं वर उचललं, आणि जीप आबांसकट उर्शाच्या यार्डात नेऊन टाकली.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं ओरडायचं नाही का? कसं ओरडणार? त्यानं अबोला धरला होता.

भांडण झालं होतं ते या जीपवरूनच. मुलगा निलेश इतकी वर्षं तिच्यात पर्यटक बसवून भुशी धरणावर, लोहगडाला न्यायचा. आता त्याला तळेगावच्या कारखान्यात नोकरी लागली, जीपचे हप्ते त्यानं सोडून दिले आणि एक दिवस कंपनी येऊन गाडी नेणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या सकाळी आबा चहाचा कप खाली ठेवून बायकोला म्हणाले, "गाडी जायच्या आदी एकदा बस माज्या शेजारी. निलेशला सांगतो, भुशीला जाऊन येऊ."

झुंबरबाईंनी सुनेकडं पाहिलं. सून माधवी कांदा चिरत होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती. बाईंना एकदम आठवलं. नवी नवरी असताना त्यांनीच एकदा भुशी बघू म्हणून हट्ट केला होता, आणि हाच माणूस घरभर ऐकू जाईल असा म्हणाला होता, 'काय बघायचं तितं? पानीच हाय!' सगळं घर हसलं होतं. तो हशा बाईंच्या पोटात अजून तसाच होता. तेव्हा त्याही सुनेदेखत म्हणाल्या, "काय बघायचं तितं? पानीच हाय!"

माधवी हसली. तिला बिचारीला काय ठाऊक! आबा उठले, जीपमध्ये जाऊन बसले आणि काचेतून ओरडले, "तू येऊन शेजारी बसल्याबिगर म्या उतरनार न्हाई!" आणि मग क्रेन आली.

जीप गेली हे कळलं लगेच. आबाही गेले हे कळलं भाकरी वाढताना. संध्याकाळी निलेश कामावरून परस्पर यार्डात गेला, वडिलांच्या हातापाया पडला आणि हात हलवत परत आला. "आई," तो म्हणाला, "तू गेल्याबिगर काय खरं न्हाई. ते म्हनत्यात, हितंच बरा हाय."

"ऱ्हाऊ दे मग तितंच," झुंबरबाई म्हणाल्या. पण अंथरुणावर पडल्या आणि डोळ्याला डोळा लागेना. आबांचं घोरणं नसलेल्या घरात झोपायची त्यांना सवयच नव्हती. कुणाला सांगायची चोरी, पण जीव नुसता कासावीस झाला. सकाळी त्यांनी माधवीला स्कूटी काढायला लावली.

यार्ड म्हणजे उर्शाच्या टोलनाक्याच्या अलीकडं पत्रे ठोकून आडोसा केलेलं मोठं मैदान. आत ओढून आणलेल्या गाड्या पावसात भिजत उभ्या. फाटकावर गेणू नावाचा वॉचमन. त्यानं बाईंना बघितलं आणि खुर्ची सोडून उठलाच. "आबांच्या मंडळी का? या, या. आबा लय गुणाचं माणूस. रात्री मला त्यांच्या सर्जाराजा बैलांच्या शर्यतीची गोष्ट सांगितली."

म्हणजे हितं गोष्टी सांगतोय आणि घरात तोंड शिवून बसतो! झुंबरबाईंचा कासावीस झालेला जीव जागच्या जागी ताळ्यावर आला.

यार्डाचा मॅनेजर होता शौनक, तळेगावचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याचा चेहरा मात्र रात्रभर कुणी चुरगाळल्यासारखा दिसत होता. "आजी, तुम्ही आलात, फार बरं झालं," तो हात जोडून म्हणाला. "आमच्या माणसानं पावतीवर लिहिलंय, 'गाडी मालकासह ताब्यात घेतली.' पण कागदावर मालक आहेत निलेश. मग हे कोण?"

"मालक," झुंबरबाई म्हणाल्या.

"गाडीचे?"

"गाडीचे कशाला? माजे!"

शौनकनं माधवीकडं पाहिलं. माधवीनं त्याला समजावून सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. मग बराच विचार करून म्हणाला, "हे बघा, आबा गाडीचे मालक नाहीत. म्हणजे गाडीत मालकाशिवाय जे काही सापडतं, ते वैयक्तिक सामान. छत्री, टिफिन, चपला, त्यातच हे. सामान परत देताना आम्हाला ओळख पटवून, सही घेऊन द्यावं लागतं. नाहीतर साहेब मला विचारतील, पावतीवर एक मालक जास्त होता, तो गेला कुठं?"

"घ्या की सही. एवढ्याला का घाबरता?"

"आधी सामानाचं नाव सांगा."

झुंबरबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "मालक."

"ते नाव नाही, आजी."

"आमी न्हाई घेत नाव. माधवीला इचारा."

"ओळख पटवणाऱ्यानंच सांगायचं असतं," शौनक रडकुंडीला येऊन म्हणाला. गेणू कोपऱ्यातून बोलला, "मावशी, उखाण्यात घ्या की! त्याला काय हरकत हाय?" माधवीनंही सासूला कोपरानं ढोसलं. बाई लाजल्या, खाकरल्या, आणि टोलनाक्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पिवळ्या क्रेनला लोखंडी साखळी,
कोंडाजीरावांच्या हट्टापुढं कंपनी वाकली!"

गेणूनं टाळ्या वाजवल्या. शौनकनं 'कोंडाजीराव' असं लिहिलं आणि विचारलं, "ओळखीची खूण?"

"डाव्या भुवईवर वण. बैलाचं शिंग लागलेलं. निजताना पाय पोटाशी घेत्यात आन् सगळं पांघरून एकट्याला लागतं."

"सध्याची कंडिशन?"

"जुनं झालंय. पर आवाज चालू हाय."

"काही बिघाड?"

"ऐकत न्हाईत."

"म्हणजे कानानं कमी?"

"कानाला काय धाड भरलीय? ऐकू सगळं येतं. ऐकत न्हाईत!"

"म्या ऐकतोय!" लांबून, जीपच्या काचेतून, आबांचा आवाज आला. झुंबरबाईंना एवढं बरं वाटलं की त्यांनी गडबडीनं सही ठोकली.

मग सगळे जीपपाशी गेले. आबा पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेले. समोर गेणूनं आणून दिलेला वडापाव, मांडीवर त्याचाच टॉवेल. "उतरा आता," झुंबरबाई म्हणाल्या. "सही केलीय तुमची."

आबांनी शौनककडं पाहून सांगितलं, "हिला म्हनावं, आदी शेजारी बस."

"हिला म्हनावं कशाला? मी काय बहिरी हाय? न्हाई बसत! यार्डात बसून काय भुशी दिसनारे?"

"मग म्याबी न्हाई उतरत."

माधवीनं सासऱ्यांना विनवलं, सासूला विनवलं, शेवटी दोघांकडं पाठ करून निलेशला फोन लावला. तेवढ्यात फाटकातून पिवळी क्रेन आत आली. जीपचा लिलाव लोणावळ्याला होता आणि क्रेनवाल्याला दुपारच्या आत गाडी तिथं पोचवायची होती. त्यानं येऊन जीपचं नाक पुन्हा साखळीला अडकवलं. आत बघून नमस्कार केला. "मालक, येताय का परत?"

शौनकच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे थांब! सामान आतच आहे!" मग त्यानं हातातला कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याला कालपासून पहिल्यांदा हसू फुटलं. "आजी, सही तुमची झालीय. आता सामानाची जबाबदारी तुमची. तुमचं सामान आमच्या गाडीत बेवारस ठेवता येणार नाही. एकतर उतरवून घ्या, नाहीतर बरोबर जा."

"बेवारस?" झुंबरबाई कडाडल्या. "कुनाला बेवारस म्हनतो रं?"

"नियमात तसं लिहिलंय, आजी."

झुंबरबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं. त्यांच्या मनात सगळं एकदमच दाटून आलं. राग होता, हसूही येत होतं, आणि रात्रभर जागलेले डोळे चुरचुरत होते. त्यांनी जीपचं दार उघडलं, गेणूनं खालून हात दिला, आणि बाई चढून आबांशेजारी बसल्या. "सहीसाठी बसतीया," त्यांनी बजावलं. "तुमच्यासाठी न्हाई."

"मग तुला कोन काय म्हनलं?" आबा म्हणाले आणि वडापावचा अर्धा तुकडा त्यांच्यापुढं धरला. कालपासून पोटात काही नव्हतं, म्हणून बाईंनी तो खाल्ला.

अशी ती वरात निघाली. पुढं क्रेन, मागं नाक वर करून जीप, जीपमध्ये म्हातारा-म्हातारी उताणी टेकलेली. वडगाव गेलं, कामशेत गेलं. कामशेतला झुंबरबाईंचा भाऊ दुकानाच्या पायरीवर बसलेला दिसला आणि त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. त्यानं ओळखायचं ते ओळखलंच. कार्ल्यापुढं मात्र बाईंनी पदर सोडला. एकदा लाज गेलीच आहे तर वारा तरी लागू दे, म्हणाल्या.

लोणावळ्यात शिरल्या शिरल्या गाड्या तुंबल्या. शनिवार, श्रावण आणि मुंबईची सगळी माणसं रस्त्यावर. क्रेन मुंगीच्या पावलानंही सरकेना. शेजारच्या गाडीतली पोरंसोरं जीपचे फोटो काढायला लागली. क्रेनवाला खिडकीतून मान काढून ओरडला, "मावशी, भुशीचा फाटा आला बघा!"

"कुटं?" झुंबरबाई सीटवरून पुढं सरकायला बघत होत्या. नाक वर असल्यामुळं समोर नुसतं बॉनेट आणि त्याच्यावर आभाळ. "मला तर ढगच दिसत्यात. अवं, तुमाला दिसतंय का?"

"ढगच," आबा म्हणाले.

बाई हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, तुमीच सांगा मग. कसं हाय तितं? पायऱ्यांवरनं पानी येतं म्हनं."

आबांनी काचेवरचा थेंब बोटानं पुसला. तो बाहेरच्या बाजूला होता, पुसला गेला नाही.

"सांगा की! बघितलंय न्हवं तुमी?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई. कवाच न्हाई गेलो."

झुंबरबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "अवं, पोटचं पोरगं रोज भुशीला जात हुतं. एकदाबी न्हाई बसलात गाडीत? तो तर तुमाला न्हाई म्हनला नसता."

"तो कशाला न्हाई म्हनंल? म्याच तुला न्हाई म्हनलो हुतो न्हवं. मग एकटा कुठल्या तोंडानं जानार?"

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. पुढं कुणी हललं नाही. "तवा न्हाई म्हनलातच कशाला मग?" झुंबरबाई हळू म्हणाल्या.

"तू इचारलंस ते आमच्या बापासमोर. बापासमोर व्हय म्हनायची काय टाप हुती का माजी?"

"येडं माणूस," झुंबरबाई म्हणाल्या. "येडं ते येडंच." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली बघितलं. उंच होतं. "उतरा. फिरून हिकडनं या, मला हात द्या."

आबा उतरले. सून, मुलगा, मॅनेजर, कुणाच्या शब्दानं न हललेला माणूस शब्दही न काढता उतरला, जीपला वळसा घालून आला, आणि भर रस्त्यात, सगळ्या मुंबईदेखत, त्यानं बायकोला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. "ओ मालक, लिलावापर्यंत तरी चला!" क्रेनवाला ओरडला. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. तेवढ्यात गाड्या हलल्या आणि रिकामी जीप पुढं निघून गेली.

फाट्यावर तीन रस्ते, गर्दी म्हणजे मरणाची, आणि जो तो आपल्याच घाईत.

"कुनीकडनं जायचं वो?" झुंबरबाईंनी विचारलं.

"मला काय म्हाईत?" आबा म्हणाले. त्यांनी बायकोचा हात सोडला नव्हता.

मग दोघांनी मिळून कणीसवाल्याला वाट विचारली.