शरयू नावाचा वाण

आश्विन सरत आला होता, तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. वर्धेच्या काठची काळी माती ओली होती. ओली, जड, झोपाळलेली. क्षितिजावर मेघांची धूसर रांग थबकून उभी होती. तिच्याआडून झिरपणारा उजेड पांढुरका होता, दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा.

संशोधन-प्रक्षेत्रावर सोयाबीन पिकलं होतं. पानं गळत होती, आधी एकेक, मग ओळीच्या ओळी. उघड्या पडलेल्या लवदार शेंगा वाऱ्यानं हलत आणि आतले दाणे हळूच खुळखुळत. वर्षभराचं काम संपत आल्याची ती मंद, थकलेली कुजबुज होती.

त्या ओळींतून डॉ. कुमुदिनी मेश्राम चालत होती. नवे वाण घडवणं हा तिचा व्यवसाय. केसांत रुपेरी धागे उतरले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि डोळ्यांत एक जुनं, न संपलेलं जागरण होतं. शेताच्या पूर्वेच्या तुकड्यापाशी ती थांबली. तिथं शरयू उभी होती.

शरयू म्हणजे एक वाण. अजून मान्यता न मिळालेला, कागदावर नाव न चढलेला. एका तपापूर्वी डॉ. त्र्यंबक धाबेकरांनी, तिच्या सरांनी, पहाटेच्या दंवात वाकून त्याचा पहिला संकर केला होता. जांभळ्या फुलाची कळी, तांदळाच्या कणीएवढी. चिमट्यानं तिच्या पाकळ्या उलगडायच्या, पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या झाडाचा पराग श्वास रोखून टेकवायचा. शंभर कळ्यांतल्या नव्वद करपायच्या. उरलेल्या शेंगांतून जे दाणे आले, ते सरांनी निवृत्तीच्या दिवशी कुमुदिनीच्या ओंजळीत दिले. म्हणाले होते, "यात तेल आहे, कुमुद. सांभाळ."

त्याच वर्षी सरांची पत्नी गेली होती. तिचं नाव शरयू.

आणि कुमुदिनीनं सांभाळलं. पिढीमागून पिढी, पेरणीमागून पेरणी. दाण्यातलं तेल हे काही एका जनुकाचं देणं नसतं. अनेक जनुकं थेंबथेंब घालतात, तेव्हा कुठं ते भरतं. तेल वाढवावं तर प्रथिनं घटतात, प्रथिनं जपावीत तर तेल आटतं. त्या निसरड्या बांधावरून ती वर्षानुवर्षं चालली. अशक्त झाडं वगळली, सशक्त राखली, पुन्हा पेरली, पुन्हा मोजली. आणि गेली दोन वर्षं शरयू तेजानं झळाळली होती. शंभर भाग दाण्यात बावीस भाग तेल! शेजारच्या सगळ्या वाणांहून सरस, स्निग्ध, सोनेरी.

यंदा मात्र शेंगा भरण्याच्या दिवसांत ऊन पडलंच नाही. पाऊस रेंगाळला, गारवा रेंगाळला, शेतावर धुकं रेंगाळलं.

कापणी झाली, मळणी झाली. प्रयोगशाळेत प्रकाशकिरणांनी दाण्यातलं तेल मोजणारं यंत्र आहे. त्याच्या चिमुकल्या पेल्यात कुमुदिनीनं शरयूचे दाणे ओतले. आकडा उमटला. अठरा.

तिनं पेला रिकामा केला, पुन्हा भरला. अठरा. दुसऱ्या तुकड्यातले दाणे आणले. अठराच. शेजारच्या वाणांचं तेल यंदा जरासंच उतरलं होतं. शरयूचं कोसळलं होतं.

तेव्हा तिला उमगलं. सगळ्यांचंच तेल उन्हात वाढतं; शरयूचं फार वाढतं. तिच्या जनुकांत तेल नव्हतं, उन्हाची ओढ होती. गेल्या दोन्ही वर्षी आश्विन तापला होता, रखरखला होता. त्या तापानं दाणे तेलानं भरले, आणि आकाशाचं ते देणं तिनं वाणाच्या रक्ताचं समजून मिरवलं.

ती स्टुलावर बसून राहिली. रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला सरांच्या घरी गेली. अंगणात पारिजातकाचा सडा तसाच पडून होता. वेचणारं कुणी नव्हतं. सर ओसरीवर आरामखुर्चीत होते. कृश, शुभ्र, वाळल्या शेंगेसारखे. तिची चाहूल लागताच चेहरा उजळला.

"आलीस? काहून इतका उशीर? मान्यता समितीची बैठक कधी आहे? नावाचं पक्कं केलंस ना?"

"सर, यंदा तेल अठरावर आलंय."

खारीनं पेरूच्या फांदीवरून उडी मारली, पान हललं, थांबलं.

"यंत्र तपासून घेतलंस?"

"घेतलं. यंत्र बरोबर आहे. सर, शरयू उन्हावर चालते. ऊन नसलं की ती साधी आहे. इतरांसारखी."

सरांची बोटं खुर्चीच्या हातावर हलत राहिली, जणू चिमट्यात अजून एखादी कळी धरलेली असावी. मग ते हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षांचे आकडे आहेत आपल्याकडे. हे वर्ष वगळ. पावसानं प्रयोग वाया गेला म्हणून लिही. असे प्रयोग वगळतातच."

"वाया गेला नाही, सर. पीक चांगलं उतरलंय. फक्त ऊन नव्हतं."

"तेच ते."

"तेच नाही." तिचा आवाज थकलेला होता, पण ढळला नाही. "ज्याच्या शेतावर ऊन पडणार नाही त्यानं काय करायचं? तेलासाठी म्हणून तो आपलं बी घेईल."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय, सर."

म्हाताऱ्या चेहऱ्यावर संताप चढला आणि तितक्याच लवकर ओसरला. संतापालाही बळ लागतं. त्यांनी मान वळवली. भिंतीवरच्या पत्नीच्या तसबिरीकडे पाहिलं नाही, पण कुमुदिनीला वाटलं, ती तसबीरच ते पाहत आहेत.

"जा तू आता," ते म्हणाले.

ती गेली. एस.टी.च्या खिडकीशी बसून परतीचा रस्ता पाहत राहिली. तुरीची शेतं मागं पळत होती, गावं मागं पळत होती, आणि तिच्या मांडीवर तिचे दोन हात निश्चल पडले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. एका तपाची मेहनत आणि एका माणसाची माया, दोन्ही एकाच दुपारी हातची गेली होती.

समितीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि शरयूचा प्रस्ताव मागं घेत असल्याचं म्हणाली. कुणी रागावलं नाही, कुणी हळहळलं नाही. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला आणि पुढचा विषय घेतला. चहा आला. तो तिनं गार होऊ दिला.

कार्तिकात हवा कोरडी झाली. एका दुपारी प्रक्षेत्राच्या फाटकाशी ऑटोरिक्षा थांबली. काठी टेकत, धापा टाकत सर उतरले. कुमुदिनी धावली. सरांनी तिचा हात धरला, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "कुठं ठेवलंय?"

गोदामात पोत्यांची थप्पी होती. सरांनी शरयूच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घातला. गोल, गुळगुळीत, फिकट पिवळे दाणे त्यांच्या बोटांमधून ओघळत राहिले.

"याचं आता काय होणार?"

"बाकीच्या मालाबरोबर तेलाच्या गिरणीला जाईल. थोडं बी मी राखलंय, पुढच्या संकरासाठी. उन्हाची ओढ हाही एक गुण आहे, सर. कुणाच्या तरी कामी येईल."

"कोण करणार पुढचे संकर?"

"ज्यांचे गुडघे चांगले आहेत ते."

सर किंचित हसले. मग खिशातून रुमाल काढून पसरला. "ओंजळभर दे."

"कुठं लावता, सर? अंगणात?"

"लावायचं नाही. शिजवायचं. भिजत घालतो. उद्या सकाळी घरी ये."

कुमुदिनी पाहतच राहिली. एका तपात तिनं या वाणाचा एक दाणाही तोंडात टाकला नव्हता. सुरुवातीला दाणे इतके थोडे होते, की एखादा फरशीवर पडला तर ती गुडघ्यांवर बसून शोधी. पुढं पोती भरली, तरी हात धजला नाही.

सकाळी सरांच्या स्वयंपाकघरात कुकरची वाफ कोंदली होती. सरांनी कांदा चिरला होता, ओबडधोबड, जाडाभरडा. कुमुदिनीनं फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंगाचा उग्र दरवळ उठला, आणि उसळ दोन वाट्यांत उतरली. कढई मधे ठेवून ओसरीवर दोघं समोरासमोर बसली.

सरांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. डोळे मिटले.

"शरयूला सोयाबीन मुळीच आवडत नसे," ते म्हणाले. "उग्र वास येतो म्हणायची. मी शेतावरून आणलं की ती शेजारणीला देऊन टाकी."

कुमुदिनीला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत न आलेलं, दमलेल्या छातीतून अडखळत वर येणारं हसू. सरही हसले, खोकले, पुन्हा हसले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या.

"मग तिचं नाव का, सर?"

त्यांनी वाटीतला रस्सा ढवळला. बराच वेळ ढवळला.

"तिच्यासाठी मला दुसरं काय घडवता येत होतं, कुमुद?"

कढईतून एक पळी घेऊन कुमुदिनीनं त्यांच्या वाटीत वाढली, एक स्वतःच्या. दाणे मऊ शिजले होते, किंचित उग्र, किंचित गोड. दोघं जेवत राहिली. वाफ विरत गेली, वाट्या निवत गेल्या, आणि ते फिकट, साधे, पिवळे दाणे एकेक करून संपत गेले.