शीलाताईंचा गुडघा

अवसरी खुर्दच्या कॉलेजातली पोरं शीलाताईंकडे आली, ती शर्यतीला झेंडा दाखवायला या म्हणून. अवसरीहून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सायकल शर्यत होती.

"झेंडा दाखवते, पण मागनं सायकलवर मीबी येणार," शीलाताई म्हणाल्या.

"आई, गुडघ्याचं काय?" सून स्नेहाने विचारलं. त्या सायकलीत हवा भरायला गेल्या.

जुन्नरला वडिलांनी, भागुजींनी, त्यांना दांड्याच्या सायकलवर शिकवलं होतं. गल्ली नावं ठेवायची. भागुजी म्हणायचे, "बघू द्या की." पुढे शीला पुण्याहून नाशिकपर्यंतच्या शर्यतीत उतरली. त्या काळी इतक्या लांबच्या शर्यतीत मुली नसायच्याच जवळजवळ. ती दोनदा पहिली आली. तिसऱ्या वेळी घाटात पडली, गुडघा भोपळ्यागत सुजला, तरी थांबली नाही. तेव्हाही पहिली आली आणि मग कधीच शर्यत खेळली नाही. पडली तिथंच थांबली असती तर गुडघा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. पुढे ती शाळेत खेळाची बाई झाली. तिच्या जिद्दीची गोष्ट लोक पोरांना सांगत, तेव्हा तिला कसनुसं व्हायचं.

शर्यतीच्या दिवशी मंचर मागे पडलं, कळंब गेलं. वारा समोरून होता. नारायणगाव जवळ आलं आणि गुडघ्यात कळ उठली. दात आवळून रेटता आलं असतं. ते त्यांना चांगलं येत होतं. त्यांनी सायकल कडेला घेतली.

मागून स्कूटीवर येणारी समृद्धी, कॉलेजातलीच मुलगी, थांबली. "मॅडम, लेण्याद्रीला सगळे तुमची वाट बघतायत."

"मी थांबले म्हणून सांग त्यांना."

द्राक्षबागेच्या बांधावर बसल्या. हरल्यासारखं वाटेल अशी त्यांची समजूत होती. तसं काही झालं नाही. ऊन छान होतं.

टेम्पोतून त्या लेण्याद्रीला पोहोचल्या. पहिला आलेला सुनील लंगडतच हार घ्यायला पुढे आला. "जुन्नरच्या अलीकडंच पाय मुरगळला, मॅडम. पण थांबलो नाय."

टाळ्या कडकडल्या. शीलाताईंनी हातातला हार बाजूला ठेवला.

"आधी खाली बस," त्या म्हणाल्या, "आणि बूट काढ."