बेचाळिसाव्या मिनिटाला अडकणारी सीडी

मी लालबागच्या एका चाळीतली सीडी बोलतेय. बेचाळीस मिनिटं नीट बोलते, मग अडकते. ज्यांना घाई असेल त्यांनी आत्ताच उठावं, मागाहून माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

माझा जन्म वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या विकासच्या खोलीत झाला. चाळीतला पहिला कॉम्प्युटर त्याचा, म्हणून त्याला सगळं येतं असं सर्वांनी ठरवलेलं. गणपतीत रहिवाशांनी नाटक बसवलं होतं. त्याचं शूटिंग विकासने माझ्यावर उतरवलं, तेही जास्तीत जास्त वेगाने, कारण त्याला मॅच बघायची होती.

मग माझी तपासणी झाली. विकासने सुरुवात लावली, बाप्पा दिसले. एकदम शेवट लावला, आभार मानणारे अध्यक्ष दिसले. मधे फक्त नाटक होतं. पण ते काय तपासायचं, सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. त्याने बॉलपेन घेतलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं, ‘ओके’. अक्षर उमटेना म्हणून दोनदा गिरवलं. माझ्या पाठीचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा, आणि चित्र, आवाज सगळं त्या सालीलाच चिकटलेलं. पण माणसाने एकदा ओके लिहिलं की वस्तूने दुखतंय म्हणायचं नसतं.

मी गेले धोंडूंच्या घरी. नाटकात बापाचं काम त्यांचं होतं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचं कौतुक कुणी केलं नव्हतं. त्या नाटकात त्यांना टाळ्या पडल्या. बाप मुलाला घराबाहेर काढतो, तो त्यांचा मोठा प्रवेश. तो येतो बेचाळिसाव्या मिनिटाला. धोंडू म्हणतात, “चालता हो,” त्यांचा हात वर राहतो, चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात आणि मी जागच्या जागी घरघरत राहते.

समोरच्या खोलीतले गणपत त्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते, विंगेत पुस्तक घेऊन बसलेले. पहिल्यांदा मी अडकले तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला.

“सीडीलापण लाज वाटली बघ,” ते म्हणाले. “धोंड्या तिथंच विसरला होता. पुढचं सगळं भाषण मी आतून सांगितलं, ह्याने नुसते ओठ हलवले.”

धोंडू म्हणाले, आपण एक शब्द विसरलो नाही. झालं. वीस वर्षं, दर गणपतीत, नळावर, जिन्यात हेच. प्रेक्षकांना विचारायची सोय नव्हती, कारण त्या वेळी बाहेर फटाक्यांची माळ लागली होती आणि पुढच्या सतरंजीवर सगळी पोरं होती. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

माझ्यावर उपाय मात्र भरपूर झाले. कुणी तोंडाची वाफ दिली, कुणी बनियनला गोल गोल पुसलं. एकाने टूथपेस्ट लावली, जसा काही माझा दात दुखत होता. एका जाणकाराने मला फ्रिजमध्ये बोंबलांशेजारी ठेवलं. धोंडूंची बायको गंगुबाई दरवर्षी दसऱ्याला कोयता, शिवणयंत्र आणि प्लेअर यांच्या बरोबरीने माझी पूजा करायची. हळदकुंकू नेमकं चकचकीत बाजूला, कारण तीच बाजू देवाला शोभते. त्याने मी बरी झाले नाही, पण मला कचऱ्यात टाकायला कुणी धजलं नाही.

यंदा चाळ पाडायची ठरली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. गणपत निघाले लेकाकडे विरारला, धोंडू माटुंग्याला भाड्याच्या खोलीत. धोंडूंना आता ऐंशी पुरी. त्यांनी नातीला, अपेक्षाला, मला हातात देऊन सांगितलं, “एकदा सगळ्यांसमोर लाव. नंतर गणपत कुठे आणि मी कुठे.”

अपेक्षाने मला मऊ फडक्याने पुसलं, मधून कडेला, सरळ. गोल नाही. वीस वर्षांत असं पुसणारी ही पहिली. मग तिने मला उजेडासमोर धरलं. माझ्या अंगात बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून उजेड येत होता. भोकं विस्कटलेली नव्हती, चांगली वळणदार होती. ‘ओके’ लिहिलेलं स्वच्छ वाचता येत होतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “सीडीला काही झालं नव्हतं. तपासणाऱ्याने मारलीय तिला.”

कॉम्प्युटरवर तिने माझी नीट तपासणी लावली. चांगल्या जागी हिरवे ठिपके, वाईट जागी लाल. मग सगळ्यात कमी वेगाने, एकेक लाल ठिपका पुन्हा पुन्हा विचारत, तिने माझ्याकडून काढून घेतलं. दोन दिवस लागले. मला कुणी एवढ्या सावकाश कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी दुपारी धोंडूंच्या खोलीत माणसं जमली. गणपत पुढची खुर्ची धरून बसले. विकासही आला होता, आता पोट सुटलेला. “मी तर चेक करून दिलेली,” असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. आत गंगुबाई बांगड्याचं तिखलं करत होती.

बेचाळिसावं मिनिट आलं. चित्राचे तुकडे झालेच. पण आवाज चालू राहिला.

“चालता हो,” धोंडू म्हणाले. मग काही नाही. बाहेर फटाके. कुणाचा तरी खोकला. धोंडू खरंच विसरले होते. खोलीत बसलेल्या धोंडूंनी मान खाली घातली आणि गणपत खुर्चीत सरसावून बसले. पण विंगेतून शब्द येईना. प्रॉम्प्टर जागेवर असला तर येणार ना. अखेर स्टेजला लागून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून बाईचा हळू आवाज आला:

“पण जेवून जा.”

आणि स्टेजवरच्या धोंडूंचा आवाज फुटला. “पण जेवून जा रे. आईने तुझ्यासाठी ताट झाकून ठेवलंय...” पुढचं पानभर भाषण त्यांनी एकट्याने म्हटलं, कुणी एक अक्षर न सांगता. टाळ्यांचा कडकडाट संपता संपता दुसरा एक आवाज आला, धापा टाकणारा, “चहाला गेलो होतो रे. धोंड्याचा प्रवेश गेला की काय?” तो गणपतांचा होता.

कुणी हसलं नाही. धोंडू आतल्या बाजूला बघत म्हणाले, “तू होतीस?”

“तुम्ही महिनाभर घोकत होता,” गंगुबाई आतूनच म्हणाली. “माझं आपोआप पाठ झालं.”

“वीस वर्षं बोलली नाहीस.”

“दोघेही खोटं बोलत होता. मी कोणाच्या बाजूने बोलणार?”

गणपत उठले. त्यांना चप्पल सापडेना. पदराला हात पुसत गंगुबाई दारात आली.

“जावा भावजी,” ती म्हणाली. “पण जेवून जावा.”

धोंडूंनी स्वतःच्या शेजारी पाट सरकवला. थोड्या वेळाने गणपत त्यावर बसले.

आता माझ्यातलं सगळं अपेक्षाच्या पेनड्राइव्हमध्ये गेलंय. मी माटुंग्याच्या गॅलरीत दोरीला टांगलेली असते, कबुतरांनी घाबरावं म्हणून. कबुतरं माझ्याच शेजारी बसतात. पाठीवर अजून ‘ओके’ आहे, ऊन आलं की समोरच्या भिंतीवर उमटतं. दर रविवारी गणपत विरारहून जेवायला येतात आणि भिंतीवरचं ते ‘ओके’ बघून विकासला चार शिव्या देतात.

तेव्हा बाबांनो, काही तपासायला घ्याल तर सुरुवात आणि शेवट बघून शिक्का मारू नका. मधलंही बघा. जेवणाचं बोलणं बहुतेक मधेच असतं.