सासूचा शिक्का

रविवारच्या पेपरात तिसऱ्या पानावर हनुवटीला हात लावून बसलेल्या एका माणसाचा फोटो येतो. फोटोखाली त्याची मतं. देशाचं काय चुकलं, पालिकेचं काय चुकलं, सगळं त्याला ठाऊक. आमच्या घरात त्याला हनुवटीवाला म्हणतात. डोकं एवढं जड झालं असेल तर बाबा दोन्ही हातांनी धर, असं मी दर रविवारी म्हणते आणि पान उलटते.

त्या रविवारी मुलाने पेपर माझ्या हाती येऊच दिला नाही. घडी घालून मांडीखाली दाबून बसला.

"काढ," मी म्हटलं.

"काही नाही गं त्यात, आई. नेहमीचंच."

"नेहमीचंच असतं तर त्याच्यावर अंडी उबवत बसला नसतास."

काढला. माझी शाळा चौथीतच सुटली, अक्षरं मी खरी शिकले ती दुकानात. आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. शिक्क्यात अक्षर उलटं बसवावं लागतं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे मी आधी उलटं वाचायला शिकले आणि मग सुलटं. हनुवटीवाल्याचं कसंही वाचा, उलटंच निघतं.

त्यानं लिहिलं होतं, गुरुवारी पालिकेत बाजाररस्ता रुंद करण्याचा ठराव येतो आहे. तिथल्या नगरसेविका विरोधात हात वर करतील, हे सांगायला ज्योतिषी नको. रस्ता रुंद झाला तर त्यांच्या सासूबाईंच्या दुकानाचा पुढचा भाग जातो. या बाई म्हणजे सासूचा रबरी शिक्का. घरीच बनवलेला, हवा तिथे उमटवलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मला कजाग म्हण, खाष्ट म्हण, ते सगळी गल्ली म्हणते, मला त्याचं काही नाही. पण माझ्या सुनेला? निवडणुकीला उभी राहू नकोस म्हणून मी महिनाभर तिच्याशी तोंड फुगवून होते. ती उभी राहिली, उन्हातान्हात दारोदार फिरली, जिने चढून चढून चपला झिजवल्या आणि निवडून आली. माझा शिक्का असती तर घरात बसली नसती का?

दुकान उघडते न उघडते तोच समोरचा शिंपी आला. "काय आजी, गुरुवारी उमटणार ना शिक्का?"

"तुझ्या कपाळावर उमटवते, ये. 'शिलाई उसवल्यास जबाबदारी नाही' असा."

तो हसत गेला. डॉक्टरांचा शिक्का करायला घेतला होता, त्या रागाच्या भरात अक्षरं सुलटी बसवली. संध्याकाळी त्यांचा कंपाउंडर परत घेऊन आला. "आजी, हे वाचायला पेशंटला सोबत आरसा द्यायचा का?" एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हेही त्या हनुवटीवाल्याच्याच खात्यावर!

घरी आले तेव्हा सून भांडी विसळत होती. तिला मी आधी बजावून ठेवलं होतं, ठरावाला विरोध कर. ती नुसतं 'बघते' म्हणाली होती. आता मी ओट्याजवळ उभी राहिले.

"गुरुवारी रस्त्याच्या बाजूने हात वर कर."

"काय?"

"पडू दे दुकान. मागच्या खोलीत बसून शिक्के करीन. पण त्या मेल्याचं थोबाड फुटलं पाहिजे."

"गेल्या आठवड्यात तर म्हणालात, विरोध केला नाहीस तर या घरात पाय ठेवू नकोस."

"तेव्हा तो पेपर आला नव्हता."

तिनं नळ बंद केला. "आई, रस्ता रुंद झाला तर शाळेपुढचा फुटपाथ जातो. पोरांनी काय ट्रकच्या चाकाखालून शाळेत जायचं? मी प्रत्येक दारात हेच सांगून मतं मागितली. दुकान राहो नाहीतर जावो, मी विरोधच करणार."

"म्हणजे तो म्हणतोय तेच करणार!"

"त्याला खोटं पाडायला हात फिरवला तर मी त्याचा शिक्का. तुम्ही सांगितलं म्हणून फिरवला तर तुमचा. माझा हात मला कधी मिळायचा?"

"मला उलटून बोलतेस?"

"हो."

नुसतं 'हो'. मान खाली नाही, काही नाही. मुलगा दारातून म्हणाला, "अगं, जरा हळू, शेजारी ऐकतायत..."

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तेवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

गुरुवारी मी सभेला जाऊन मागच्या बाकावर बसले. हनुवटीवालाही आला होता, पुढच्या रांगेत. सून उठली, शाळेबद्दल बोलली, फुटपाथबद्दल बोलली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग नाही कापला. मग तिनं विरोधात हात वर केला. ठराव थोडक्या मतांनी पडला. आणि लोक येऊन मलाच नमस्कार करू लागले! "आजी, वाचवलंत दुकान!" "सून तयार केलीत हो छान!" मी सांगतेय, अरे, मी उलट सांगितलं होतं, तिनं माझं ऐकलं नाही. तर डोळे मिचकावून हसतात. खरं बोलून खोटी ठरायची पाळी माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली.

रविवारी तिसऱ्या पानावर मथळा: 'शिक्का उमटला.'

सोमवारी मी पेपरच्या कचेरीचा जिना चढले. फोटोपेक्षा तो बुटका निघाला. मला पाहून उठला. "या, बसा ना."

"बसायला नाही आले. मी तिला रस्त्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं होतं. तिनं धुडकावलं. हे खरं आहे ते ऐक."

तो पोट धरून हसला. "आजी, छान पढवलंय तुम्हाला सुनेनं."

"परवा ती माझी बाहुली होती, आज मी तिची झाले? ठरव तरी एकदा. आणि ती सभेत एवढं बोलली, त्यातलं काय छापलंस? फुटपाथ हा एक शब्द तरी?"

"जागेची अडचण असते हो."

"तुझ्या हनुवटीला बरी जागा मिळते!"

शेजारच्या टेबलावरची पोरगी खुदकन हसली. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं पेन उघडलं. "बरं, सांगा तुमचं म्हणणं. 'सासूबाई म्हणतात' म्हणून येत्या रविवारी छापतो."

माझ्या जिभेवर इतकं होतं की त्याची चार पानं भरली असती. पण त्या पेनाकडे पाहिलं आणि जीभ आवरली.

"म्हणजे पुन्हा सासूच बोलली. घाल ते टोपण. ती निवडून आल्यापासून इतकं लिहिलंस तिच्यावर, कधी तिला विचारलंस, बाई, तुझं म्हणणं काय? एक फोन केलास?"

केला नव्हता. त्यानं खिशातून फोन काढला.

"त्या मोकळ्या कधी असतात? आणि त्या फुटपाथबद्दल त्यांचं नेमकं काय—"

"मला काय विचारतोस?" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. "तिला तोंड आहे!"

आणि जिना उतरले. त्याचा फोन आला का, ती काय बोलली, मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तिच्याशी मी अजून बोलत नाही. दुकान पाडायला मी तयार झाले होते, आणि तिनं माझं ऐकलं नाही.